ओळ क्रमांक ३१७ मधील शून्य बदलण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
श्वसन-उपकरण परीक्षण विभाग,
दुसरा मजला.

विषय: घरगुती प्राणवायू यंत्रांच्या नोंदपत्रकात ओळ क्र. ३१७ व तत्सम ओळींत ० ऐवजी १ नोंदवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्या तिन्हींना आलेले एकच उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या विभागात एकोणीस वर्षे सांख्यिकी सहायक आहे. रुग्णाच्या घरी दिलेले यंत्र किती दिवस टिकेल याचा अंदाज काढणे हे माझे काम. यंत्र बंद पडले तर 'स्थिती'च्या रकान्यात १ आणि चालू असताना परत आले तर ०. सॉफ्टवेअर त्या दिवसांवर वायबुल वितरण, म्हणजे वस्तूंच्या टिकाऊपणाचे गणिती सूत्र, बसवून वक्र काढते. शून्यावरून त्याला इतकेच कळते, की यंत्र इथवर टिकले आणि पुढेही चालले असते.

ओळ क्र. ३१७ मधले यंत्र माझ्या घरी होते. माझी पत्नी त्यावर चारशे बारा दिवस होती. संध्याकाळी मी घरी पोचलो की ती विचारायची, "काय हो, तुमच्या वक्राची तब्येत बरी आहे ना?" चारशे बाराव्या दिवशी दुपारी यंत्र बंद पडले. मी त्या वेळी याच टेबलावर तिमाही अहवाल करीत होतो. शेजारच्या काकूंचा फोन आला, पण मी पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. कारागिराने यंत्र उघडले तेव्हा पंप अडकलेला निघाला. तसे त्याने चिठ्ठीवर लिहिलेही. तरीही परतीचे कारण 'रुग्णाचे निधन' असल्याने त्या ओळीत ० पडला.

हा नियम दुसऱ्या कोणाचा असता तर मी भांडलो असतो. तो माझाच आहे. आजारी माणूस आजारानेच जाणार, यंत्राला उगाच बोल कशाला लावायचा, असा विचार करून मी तो लिहिला आणि आपल्या आधीच्या साहेबांनी शाबासकी देऊन मंजूर केला.

आपल्या उत्तरानुसार, बिघाडाची नोंद व्हायला वापरकर्त्याने स्वतः सही केलेला तक्रार नमुना लागतो. खिडकीवरच्या नव्या मुलीला मी नमुना दिला तेव्हा ती म्हणाली, "काका, सही राहिलीये. त्यांनाच घेऊन या ना, दोन मिनिटांचं काम आहे." तिचा दोष नाही. मी नमुना घडी घालून खिशात ठेवला.

फाइल माझ्याच संगणकावर आहे व एक कळ दाबली की ० चा १ होतो. एकोणीस वर्षांत मी परवानगीशिवाय एकही आकडा बदललेला नाही, म्हणून हा चौथा अर्ज. दरम्यान 'रुग्णाचे निधन' लिहिलेल्या सर्व ओळींच्या चिठ्ठ्या मी काढून वाचल्या. आणखी त्रेचाळीस यंत्रांचा पंप अडकलेला होता. त्रेचाळीस घरांत कोणीतरी गेले आणि माझ्या वक्रात ती यंत्रे ठणठणीत आहेत.

फाइलची वेगळी प्रत करून मी त्या चव्वेचाळीस ओळींत १ घातला. पहिल्या दोन वर्षांत यंत्र बंद पडण्याची शक्यता आपल्या अहवालात हजारात चार आहे. प्रतीत ती शंभरात नऊ येते. जुना आकडा या महिनाअखेर पुन्हा सर्व रुग्णालयांना जाणार आहे. तो जाऊ नये, एवढीच विनंती. मला भरपाई नको. चौकशी झाली तर नियम लिहिणारा म्हणून पहिले नाव माझे घ्यावे.

एक गोष्ट आधीच्या तिन्ही अर्जांत लिहायचे धैर्य झाले नाही. यंत्राबरोबर आम्हाला एक भरलेला सिलिंडर मिळाला होता, अडीअडचणीला. तो पलंगाशी होता. तिसऱ्या महिन्यात मी तो परत केला. राहू द्या ना, असे ती दोनदा म्हणाली. मी तिला कागद आणून दाखवला, हजारात चार. तिने तो वाचला आणि बरं म्हणाली.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
सांख्यिकी सहायक

सोबत: चव्वेचाळीस तपासणी चिठ्ठ्या, दोन्ही वक्र.