तिरडीवरची मुख्य भूमिका

पनवेल, ५ जानेवारी १९५५
उद्या मुंबई. सहा महिन्यांत हीरो, वर्षात मोटर. डिसिजन फायनल. आईला सांगितले. रडली. आनंदाश्रू. जाऊ नको असेही म्हणाली, पण आया तसे म्हणतातच. दयाराममामाने पुन्हा भाताच्या मिलीतल्या नोकरीचे काढले. आर्टिस्टला तूस झाडायला सांगतो!

मुंबई, १० फेब्रुवारी
स्टुडिओचा दरवान रोज गेटवरूनच हाकलतो. आज खोटी दाढी लावून गेलो. तरी ओळखले. माझा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाहीत, हे सिद्ध झाले.

१२ मार्च
रोल मिळाला! प्रेताचा. अख्खा सीन माझ्याभोवती. तोंडावर चादर आहे, पण खांद्यांतून बरेच दाखवता येते. आईला कार्ड टाकले: मुख्य भूमिका.

१४ मार्च, संध्याकाळ
मामाची तार. आई सीरियस, ताबडतोब नीघ. असिस्टंट म्हणाला, जा बाबा, चादरीखाली कुणीही चालेल. मोठेपणा त्याचा. पण अशा वेळी कंपनीला सोडणे शोभत नाही. शूटिंग उरकूनच जाईन. आईला अभिमान वाटेल.

पनवेल, १७ मार्च
एसटीतून उतरतो तोच वेणूमावशीने गळ्यात पडून हंबरडा फोडला. म्हटले, कीर्ती इथवर पोचली. मग कळले. आई काल पहाटेच गेली. अग्नी मामाने दिला. दोन दिवस दाराकडे बघत होती म्हणे. माझ्या रोलचे ऐकायचे असणार.

२५ मार्च
गाढी नदीवर दहावा. केस उतरवायला नाही म्हटले, पुढच्या रोलला लागतील. मामाने मान धरून न्हाव्यापुढे बसवले.
पिंडाला कावळा शिवेना. आईची इच्छा मला ठाऊक. पुढे होऊन हात जोडले, म्हटले, आई, हीरो होऊनच दाखवीन. जवळ आलेला कावळाही उडून बाभळीवर बसला. मावशी म्हणाली, बाये, तुझं आता काय राह्यलंय? मग मामा म्हणाला, बाय, पोराला कवा तोंडाला रंग लावू देनार नाय, मिलीत घालतो त्याला. त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत तीन कावळे तुटून पडले.
कावळ्यांना कलेतले काय कळते?

२६ मार्च
सकाळी सातला मिल. टेम्पररी. पावसाळा झाला की मुंबई.
दुपारी पोती उचलताना डोळ्यांतून पाणी येऊ लागले, थांबेना. तूस गेले म्हणालो. काशिराम मुकादम म्हणाला, तुसानं एवढं येत नाय. मग म्हणालो, ॲक्टिंग करतोय.
कुणाचाच विश्वास बसला नाही.