हरणी पळणार नाय

२६ जाने. १९९८
शर्यत परत सुरू होणार! मारामारी होऊन बंद पडलेली, माझ्या लग्नाच्याही आधी. आज झेंडावंदनानंतर जत्रेच्या कमिटीने सांगितलं. शहापूरभर घोड्यांशिवाय बोलणं नाही. ह्यांचे वडील, आबा, तर दुपारी जेवलेच नाहीत. आबांचा टांगा रिक्षा आल्या तेव्हाच परसात पडला, पण घोडी, हरणी, त्यांनी विकली नाही. आता म्हणतात, बघा कशाला ठेवली ती.

३० जाने.
पहाटे आबा हरणीला दौडवतात. आज मधेच थांबली, घामाने निथळत होती. काम नाय म्हणून सुटलीय, म्हणाले. माझी तीन बाळंतपणं झालीत, मला कळतं. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. गाभण आहे. पावसाळ्यात माझ्या माहेरी, शेणव्याला चरायला सोडलेली, तिथलंच. पळवू नका म्हणाले, दोन्ही जीव जातील.
आबांनी ऐकून घेतलं. मग नाल ठोकणाऱ्याला बोलवायला गेले.

२ फेब्रु.
नाक्यावर बोर्ड. हरणीचं चित्र, खाली आबांचं नाव. लोक बोलावून चहा पाजतात त्यांना. हे वाशिंदहून कंपनीतून आले ते शर्यतीचंच घेऊन. आबांचं वय बघ, एकदा पळू दे हरणीला, म्हणाले. मी विचारलं, सातव्या महिन्यात मला पळवलं असतंत? न जेवता झोपले. झोपू देत.

५ फेब्रु.
गोठ्याला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला. दाणापाणी मीच बघते.
कमिटीवाले समजवायला आले. अख्ख्या गावाची हौस आहे, तुमच्या एकटीपायी... हौस मलाही आहे म्हटलं. बापाच्या खांद्यावर बसून बघितलीय मी ती शर्यत. घोडी नाय मिळायची.
नळावर बायका बोलत नाहीत. नका बोलू.

९ फेब्रु.
भाकऱ्या थापत होते. आबा दारात.
"किल्ली दे."
"नाय देत, आबा."
"घोडी माझी हाय."
"तुमचीच हाय. तुमीच मारायची का तिला?"
वाटलं, आता कुलूप फोडतील. परसातल्या टांग्यावर जाऊन बसले, दिवेलागणीपर्यंत. रडू आलं मला. तरी दिली नाही.

११ फेब्रु.
आज शर्यत. सकाळीच ताशे दारात. हरणीला न्यायला हार घेऊन आलेले. मी गोठ्याच्या पायरीवर बसले, उठायचंच नाही असं ठरवून. आबा अंघोळ करून, फेटा बांधून आले. मला म्हणाले, किल्ली नको, आतलं खोगीर तेवढं दे.
काढून दिलं. खांद्यावर टाकलं नि लोकांना म्हणाले, "घोडी गाभण हाय. ती येत नाय. मी येतो."
कुणीतरी बोललं, वाशिंदच्या एकाचा घोडा आहे बिनस्वाराचा, पण पाठीवर कुणाला बसू देत नाय.
"बघू," आबा म्हणाले. सत्तरीला आलेत.
हे मागे धावले. परत येऊन मला म्हणाले, तू सांग, तुझं ऐकतील. मी नाही सांगितलं. घोडीला विचारता येत नव्हतं. आबांना येतं, आणि त्यांनी सांगितलंय.
सुटले वाटतं घोडे. मैदानावरून आरडाओरडा येतोय, वाढतच चाललाय. आबा पुढे आहेत का पडले, इथून काही कळत नाही.