डोणगावच्या आठ नंबरचं लाल कार्ड

१८ जाने., रवि.
मेहकर. मुलींच्या फुटबॉलची उपांत्य लढत, डोणगाव वि. उंद्री. शिट्टी माझी. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर. उंद्रीची बचावपटू नाक धरून खाली, शेजारी डोणगावची आठ नंबर, प्रीती. थेट लाल कार्ड. लाइनमनला विचारलं नाही. डोणगाव हरलं. बाहेर पडताना पाठीत पाण्याची बाटली बसली, अर्धी भरलेली. वळून पाहिलं नाही.

१९, सोम.
डोणगावची प्रशिक्षक सुनंदा दारात. मुंबईत कंपनीच्या संघात आम्ही दोघी पगारावर खेळलो. ती सहा वर्षांनी लहान. चहा विचारला नाही. तिनेही घेतला नसता. म्हणे, जिल्हा शिस्त समितीने बंदी घातली तर प्रीतीची रविवारची राज्य निवड चाचणी जाईल, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. म्हटलं, मग कोपर आवरायचं होतं.
"ताई, कोपर मारणं तुमीच शिकवलं मले. रेफरीच्या आड राहून."
खरं आहे. दार लावून घेतलं.

२०, मंगळ.
सामन्याचा अहवाल. रकाना : प्रत्यक्ष पाहिले काय?
मधे तीन पोरी होत्या. रक्त दिसलं. प्रीतीचा खांदा मागे येताना दिसला. कोपर लागताना नाही. खांदा तसा कशाने येतो ते मला ठाऊक, म्हणून कार्ड. डोळ्यांना दिसलं तेवढ्यावरच कार्ड द्यायचं, हे नव्या पंचांना दरवर्षी मीच बजावते.
'होय' लिहिलं. सही केली. पाठवला.

२१, बुध.
बाजारात टोळकं. "रेफरीबाई, चष्मा पायजे काय वो?" कांदे घेतले, आले. दुपारी समितीचा फोन. शुक्रवारी बुलडाण्यात सुनावणी, मला तोंडी विचारणार. सुनंदाने तक्रार केली आहे. करू दे.

२३, शुक्र.
एस.टी.त लिहिते आहे, अक्षर वाकडं. त्या दोघी याच गाडीत, मागे. नमस्कार नाही. चिखलीला सुनंदा पाणी आणायला उतरली, तशी प्रीती पुढे आली.
"मारलं म्या, मॅडम. तिनं आंधी केस ओढले होते. पन तुमी पाह्यलं नाही. तुमी कुठी उभ्या होत्या, पाहूनच मारलं."
विचारलं, आत हेच सांगशील?
"तुमी काय सांगता, त्याच्यावर हाय."
गाडी सुटली. पाणी घेऊन परतलेली सुनंदा मागच्या सीटवरून हाका मारते आहे, पोरगी हलत नाही. माझ्या सीटचा दांडा धरून उभी. मी सरकले नाही. बुलडाणा अर्ध्या तासावर.