न पडणारा खटका

३ मे, सोनिवली
आलो एकदाचे! उल्हासनगरात एका खोलीत विजेचे बोर्ड जोडायला बसलो होतो, त्याचा कारखाना केला, तो विकला, आणि आज स्वतःच्या अंगणात खुर्ची टाकून बसलोय. शेजारच्या बनूबाई न बोलावता आल्या, वाटीभर लोणचं ठेवलं आणि सगळं सामान नजरेखालून घालून गेल्या. जाताना म्हणाल्या, टीवी मोठा हाय नि मानसा दोनच. मालिनी अजून हसतेय. आधीचा मालक अभिमानाने सांगत होता, बारा वर्षांत बोर्डाचा खटका एकदाही पडला नाही, वीज गेली नाही. पंधराला सूनबाई ऋता बाळाला घेऊन येतेय, तोवर आतल्या खोलीत एसी बसवून घेऊ.

५ मे
माझे कान तिखट. कारखान्यात नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठला स्क्रू ढिला आहे ते. इथे गिझर लावला की पॅसेजमधला दिवा मंदावतो आणि बोर्डातून गुणगुण येते. झाकण हाताला गरम लागलं. जळक्या प्लास्टिकचा वासही आहे. दुसऱ्याच्या घरात हे दिसलं असतं, तर उभ्या उभ्या म्हटलं असतं, बोर्ड बदला.
झाकण उघडलं. आत हिरवा ठिपका. माझ्याच कारखान्याची खूण.
झाकण लावून टाकलं. मालिनीला म्हटलं, ठीक आहे सगळं.

७ मे
मालिनीने परस्पर दिपेशला बोलावलं. दहा वर्षं माझ्याकडे कारागीर होता, आता बदलापुरात स्वतःची कामं घेतो. बोर्ड उघडला, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, शेठ, हा तर आपलाच माल. आजच्या आज काढा, एसीचा लोड याला झेपायचा नाय. तेवढ्यात मालिनी चहा घेऊन आली. मी हसत म्हटलं, दिपेशकडे कामं कमी दिसतात, चांगला बोर्ड काढायला सांगतोय. तो हसला नाही. चहा तसाच ठेवून गेला.
इथे तरी खरं लिहितो. जास्त लोड आला की खटका पडतो; तेच त्याचं काम. पण सारखा पडला की गिऱ्हाईक बोर्ड परत आणायचं. म्हणून आम्ही भंगारातले खटके घ्यायचो आणि आतली पत्ती अशी वाकवायचो की तो पडणारच नाही. लोक म्हणायचे, माल एक नंबर.

१० मे
ती गुणगुण नाही. बोलणं आहे. बाईचं. भर दुपारी, गिझर बंद असताना. मालिनीला काही ऐकू येत नाही. मी झाकणाला कान लावला. ती म्हणते, आमच्या ह्यांना सांगा.
नवऱ्याचं नाव घेत नाही, पण मला माहीत आहे. वांगणीचा हिरामण. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या घराला आग लागली, बायको तुळशी त्यात गेली. बोर्ड माझा होता. पंचनाम्याआधी मी पोचलो, जळका बोर्ड उचलला आणि चार माणसांत म्हणालो, याने पंपाची वायर चुकीची जोडली. पंप त्यानेच जोडला होता. त्यामुळे त्यालाही ते पटलं.

१२ मे
वांगणीला गेलो. हिरामणने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. घरात वीज घेतलेली नाही अजून. म्हणाला, माझ्या हातानं ती गेली शेठ, आता नको ती वायर. निघताना द्रोणभर करवंदं दिली. मी घेतली.
घरात पाऊल टाकलं तर बोर्डातून ती विचारते, सांगितलंत?

१४ मे
दिपेशला फोन केला. नवा बोर्ड सोळाला बसवतो म्हणाला. ऋताला एक दिवस उशिरा ये म्हणायचं, तर कारण सांगावं लागेल. कारणाला हिरवा ठिपका आहे. मालिनीसमोर —
नाही सांगितलं.

१५ मे, संध्याकाळ
ऋता आली. बाळ घामाने किरकिरं. मालिनीने परवाच बसवून घेतलेला एसी लावला. मी नको म्हटलं — का नको, म्हणाली — मी उठून बाहेर आलो.
बोर्डातली ती म्हणते, तुम्ही सांगेपर्यंत हा खटका पडणार नाही.

सात वाजले
मेन बंद केला. एसी चालूच. मीटरकडची वायर कापली — तरी चालू — आतलं दार उघडत नाही, कडी इतकी तापलीय की हात लावता येत नाही — तिघं आत आहेत. धूर. बनूबाई पहार आणायला धावल्यात. मालिनी आतून दार बडवतेय, अहो, काय झालंय, बोला ना —
तोंड उघडतो. आवाज बाईचाच येतो. आमच्या ह्यांना सांगा.
हे पान फाडून दाराखालून सरकवतोय. मालिनी, वाच. हिरामणचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या घरातला बोर्ड मी —