वहीत दिवा चालूच आहे

इंदिरानगर, नाशिक
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आईंना,

तेजस्विनीचा पायाला हात लावून नमस्कार (डाव्या पायाला जरा हळूच, प्लास्टर आहे म्हणून). सूज उतरली का? डॉक्टरांनी तुम्हाला पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलंय आणि तुम्ही तो पाटावर ठेवून शेंगा फोडत बसता, असं मामंजी शेखरला म्हणाले. मामांनाही नमस्कार. त्यांचा खोकला आणि आमच्या घराबद्दलची काळजी, दोन्ही आता कमी झालं असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे शेखर मजेत आहे, आरोही शाळेला सुट्टी असल्यामुळे मजेत आहे, आणि मी पत्र लिहायला बसले आहे. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि आपलं बोलणं समोरच्या किराणा दुकानापर्यंत जातं, म्हणून. शिवाय शेखर रविवारी वणीला येतोच आहे. त्याच्याच हाती हे पत्र आणि तुमचा घटाचा पत्र्याचा डबा पाठवते.

तर मुख्य सांगायचं म्हणजे घट सुखरूप उठले. नऊ दिवस अखंड दिवा तेवत होता. धान दीड वीत वाढलं, फोटो पाठवलाच आहे. तुमचा पाय मोडल्यावर यंदा घट कुणाकडे, हा प्रश्न निघाला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की सुवर्णाकडे बसवू, ती घरीच असते. सुवर्णावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. देवळाली कॅम्पात राहून त्यांचं घरही मिलिटरीसारखंच झालंय, चपलासुद्धा दारात सावधान उभ्या असतात. पण तुमचं ते ‘घरीच असते’ मला फार लागलं, आई. जणू मी रोज सकाळी पावणेदहाला गोदावरीवर हवा खायला जाते. त्या भरात मी बोलून गेले की घट माझ्याकडे बसवा, दिवा विझला तर पुढच्या वर्षी खुशाल वहिनींकडे द्या. तुम्ही नुसतं ‘बघ बाई’ म्हणालात. आणि तुम्ही तरी अजून काय म्हणणार? तुम्ही स्वतः वणीच्या स्टँडवर नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस ओटीचं दुकान लावायचात, पहाटे जायचात ते दिवेलागणीला यायचात. गडावर जाणारा अर्धा जिल्हा तुमच्याकडून नारळ घ्यायचा. दोन मुलं, मामांची शेतावरची भाकरी, आणि एवढं करून घरातला दिवा तीस वर्षांत एकदाही विझला नाही. हे मामा मला लग्नापासून दरवर्षी सांगत आलेत. तेव्हा मला निदान एका वर्षाची तरी लाज राखायची होती.

पहिली भानगड मातीची झाली. तुम्ही शेतातली माती चाळून, पिशवीत बांधून पाठवलीत ती मी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाल्कनीत ठेवली. आमच्या कामवाल्या रंगूबाईंना ती पडीक माती वाटली आणि त्यांनी ती तीन कुंड्यांत वाटून टाकली, वर पाणी घालून. (रागावू नका, कुंडीतला मोगरा एरवी कधी फुलत नाही तो फुललाय.) मग शेखर पाथर्डी फाट्याच्या पुढे एका शेतकऱ्याला विचारून तिथल्या टोमॅटोच्या वावरातली माती घेऊन आला. धान दीड वीत आलं ते त्या मातीत. तुमच्या वणीच्या मातीची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही, पण झालं ते सांगितलं.

दुसरा प्रश्न होता दिव्यावर नजर ठेवण्याचा. शेखर पहिल्या पाळीला सहाला बाहेर पडतो तो चारला येतो. आरोही साडेबाराला शाळेतून सुटली की चारपर्यंत वरच्या मजल्यावरच्या राखीकडे असते. रंगूबाई अकरापर्यंत. म्हणजे अकरा ते चार दिवा एकटा. मी विमा कंपनीत काम करते, आजारपणाचे दावे तपासते, लोकांनी काय लपवलंय ते कागदांतून शोधून काढते (आणि मग त्यांचे दावे नाकारते, त्याबद्दल मला बढतीही मिळाली आहे). तेव्हा माझ्या डोक्यात पहिली आली ती वही. शंभर पानी वहीला रेघा मारल्या, वेळ, दिव्याची स्थिती, तेल, सही. सकाळी मी, साडेनऊला रंगूबाई, साडेबारा आणि अडीचला राखी किल्लीनं दार उघडून, चारला शेखर. शेखरनं तिच्याही पुढची अक्कल लढवली आणि जुना मोबाईल दिव्यासमोर उभा करून त्याचं चित्र माझ्या ऑफिसातल्या संगणकावर लावून दिलं. दुसऱ्या माळेला साहेबांपुढे आकडे दाखवताना माझ्याकडून पडद्यावर आकड्यांऐवजी दिवाच लागला. समोर चौदा माणसं. साहेबांनी हात जोडले, मग बाकीच्यांना जोडावेच लागले, आणि त्या दिवशी माझं एकही गणित कुणी तपासलं नाही. इतका उपयोगी मोबाईल दुसऱ्याच दिवशी बंद करावा लागला, कारण रंगूबाईंनी त्याच्यासमोर केर काढायला साफ नकार दिला. मी काय चोर हाय का, असं म्हणून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. नवरात्रात झाडू थांबण्यापेक्षा मोबाईल थांबलेला बरा, हे तुम्हीही मान्य कराल.

स्वयंपाकाचं काय सांगू. माझे नऊ दिवसांचे उपवास, शेखरचे उठता-बसता, आणि आरोहीला वरीचा भात दिसला की पोटात दुखतं. म्हणजे सकाळी सहाच्या आत तीन घरांचा स्वयंपाक एका ओट्यावर. त्यात तिन्ही डबे एकाच भिशीत मिळालेले, एकसारखे. तिसऱ्या माळेला आरोहीच्या डब्यात गेली भगर आणि दाण्याची आमटी, आणि माझ्यात पोळी आणि भेंडी. भेंडीचा घास तोंडात गेल्यावर मला कळलं. (थुंकला. जवळजवळ सगळा.) त्यात ऑफिसात रोजच्या रंगाची साडी. राखाडी साडी माझ्याकडे नव्हती म्हणून त्या दिवशी मी मोरपंखी नेसून गेले आणि दिवसभर प्रत्येकीला सांगत बसले की उजेडात ती राखाडी दिसते. घरात पंखा बंद. ऑक्टोबरचा उकाडा, खिडक्या बंद, हॉलमधला पंखा नऊ दिवस लावायचा नाही अशी माझी आज्ञा. शेखर टॉवेल पाण्यात बुडवून खांद्यावर घ्यायचा आणि दिव्याकडे असा बघायचा की जणू तो दिवा माझ्या माहेरून आलाय.

आठव्या माळेला सुवर्णावहिनी सहज म्हणून आल्या. म्हणजे देवळालीहून दोन बस बदलून, भर दुपारी, मी घरात नसताना, सहज. कडाकण्या घेऊन आल्या होत्या. राखीकडून किल्ली घेतली, आत गेल्या, अर्धा तास बसल्या आणि वहीत स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ‘दिवा चालू, सुवर्णा’ असं लिहून गेल्या. त्या सहीसाठी मी वही जपून ठेवणार आहे. त्यांची धरून सेहेचाळीस नोंदी, एकूण एक ‘चालू’. रंगूबाईंना लिहिता येत नाही म्हणून त्यांची बरोबरची खूण, तीही कुठे चुकली नाही.

तेव्हा सांगायचं ते एवढंच की जमलं. नोकरी करून जमलं. डबा घासूनपुसून परत पाठवते आहे. पुढच्या वर्षी घट कुणाकडे बसवायचे ते तुम्ही आणि मामा ठरवाल तसं. मला आता सिद्ध करण्यासारखं काही राहिलेलं नाही. पायाला जपा, प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवू नका.

तुमची सून,
तेजस्विनी

ता. क. इथपर्यंतची पानं मामांना मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही. पुढचं पान फक्त तुमचं. आई, दिवा विझला होता. पाचव्या माळेला, सकाळी सात वाजता, माझ्याच हातानं. काजळी काढायच्या आधी शेजारी निरांजन लावून घ्यायचं, हे तुम्ही चारदा बजावलं होतंत. पण खाली शाळेची व्हॅन हॉर्न मारत होती, कुकर शिट्टी देत होता, आरोहीचा एक मोजा सापडत नव्हता, आणि वात तेलात गेली. मी कुणाला कळायच्या आत काडी ओढली, दिवा लावला, जळकी काडी केरात दिसू नये म्हणून पेटीतच परत ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘चालू’. दिवसभर मला एकाही माणसाचा दावा नाकारता आला नाही.

दुसरा ता. क. आज दसऱ्याचं आवरताना ती काडेपेटी उघडली. जळक्या काड्या दोन हव्या होत्या, घटस्थापनेची एक आणि माझी एक. निघाल्या पाच. माझा धंदाच हा असल्यामुळे मी शेखरला समोर बसवलं. त्यानं एका मिनिटात कबूल केलं, तिसऱ्या माळेला फक्त दोन मिनिटं पंखा लावला होता. मग वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं मी दार उघडलं आणि वाऱ्यानं गेला, मग लावला. मी विचारलं, मग आईंना सांगितलं का नाहीत, घट तुम्हाला मिळाले असते. तर म्हणाल्या, म्हणूनच नाही सांगितलं बाई, नऊ दिवस घरात कोंडून घ्यायला कुणाला हवंय, मी घरीच असते हे तुम्हा सगळ्यांना वाटतं. त्या दोन बस बदलून आल्या होत्या त्या माझा दिवा नीट आहे ना, एवढंच बघायला. पाचवी काडी कुणाची म्हणून रंगूबाईंना विचारलं. दिवा चालू होता नव्हं, मग झालं, असं म्हणून त्या भांड्यांकडे वळल्या.

तिसरा ता. क. डबा बांधायला घेतला तेव्हा तळाचं लाल कापड झटकलं. त्याच्या एका टोकाला गाठ होती. गाठीत जुनी काडेपेटी, वरचं चित्र पुसून गेलेलं. वाटलं रिकामी असेल. उघडली तर सगळ्या काड्या आतच, ओळीनं ठेवलेल्या, आणि सगळ्यांची डोकी काळी. मी ती तशीच उघडी बाहेर घेऊन गेले. शेखरनं बघितली आणि अगदी सहज म्हणाला, हो, आई दुकानावरून आली की आधी देवघरात जायची, काडी लावायची आणि परत पेटीत ठेवायची, बाबांना दिसू नये म्हणून. त्याला वाटायचं सगळीकडे दिवा असाच लावतात. मीही तसंच का ठेवलं हे त्यानं मला विचारलं, आणि मी डबा बांधायचा ठेवून पुन्हा हे पत्र उघडलं.

मामांना मी काही बोलणार नाही. त्यांना ते ‘तीस वर्षं’ सांगत राहू द्या. पण आई, मला हे आधी कळलं असतं तर मी नऊ दिवस इतकी घाबरले नसते. आणि तुम्ही दिवसभर नारळ विकताना रोज घाबरत होतात का, एवढं मात्र मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तेवढ्यासाठी प्लास्टर निघालं की आठ दिवस इकडे या. सांगून झालं की झोपा काढा.

शेवटचा ता. क. डबा शेखरबरोबर पाठवत नाही. तो माझ्याकडेच राहू द्या, दर वर्षी. तुमची पेटी होती तशी गाठीत बांधून ठेवली आहे, आणि तिच्या शेजारी एक नवी.