सापाची उबदार बाजू

ईडन प्रेरी (अमेरिका), माघ वद्य पंचमी, मंगळवार

नात रेवा हिने सापाचे पिल्लू पाळण्यास आणले. त्यास माझा विरोध नाही. परंतु त्याच्या घरावरून आज जे घडले, त्याचा संताप अजून शमत नाही.

मी म्हणालो, काचेची मोठी पेटी घ्या. रेवा म्हणाली, "नो, आजोबा! मोठ्या जागेत बेबी स्नेक घाबरतो, जेवतच नाही." बरे, मान्य केले. मग चिरंजीव सुधीरने लहान पेटी आणून एका बाजूखाली गरम होणारी पट्टी लावली. दुसरी बाजू थंड. "हवं तिथे बसेल तो. त्याला चॉइस पाहिजे ना, बाबा!"

चॉइस! सापास! या घरातील उष्णता सुधीरच्या फोनवरून ठरते. काल भिंतीवरील बटणास मी नुसता हात लावला, तर "बाबा, ते टच करू नका." स्वेटरवर शाल घेऊन मी बसतो. सापास उबदार बाजू, आणि बापास? मी मागावे काय? मागणार नाही, असेच ठरविले होते.

अखेर सायंकाळी सुधीरास समोर बसवून स्पष्ट सांगितले, "मला थंडी वाजते."

तो ओशाळला. "बाबा, आधी का नाही सांगितलंत?"

सापाने तरी कोठे सांगितले होते?