गाणी वाजत असली तरी जाऊ नकोस

छत्रपती संभाजीनगर
२१ मे २०२४, सकाळी अकरा

ती. बिभीषणदादास,
धाकट्या अंगदचा नमस्कार. शालूवहिनी बऱ्या असतील. मेंढरं किती उरली? इथं बजाजनगरात आठवड्यानं नळ येतो, नव्या इमारती मात्र थांबायचं नाव घेत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुंडलिकला मोटारसायकलवर धाडतोय. आमच्या रेडिओ स्टेशनचा ड्रायव्हर आहे. पत्र त्याच्यासमोरच वाच.

आमच्या एफएमनं नवी सोय केलीय. त्याच ट्रान्समीटरवरून नेहमीच्या गाण्यांसोबत आणखी तीन डिजिटल वाहिन्या जातात. आवाज इतका स्वच्छ, की पहिल्या दिवशी मी वेड्यासारखा हसत बसलो होतो. त्यातली एक फक्त सूचनांची. टँकर कधी येणार, खाणीत सुरुंग कधी लावणार, सगळं तिच्यावर. गाण्यांच्या मध्ये आता सूचना येत नाहीत.

दादा, तुझ्या रेडिओवर ती वाहिनी लागत नाही. पहिल्या पगारात मीच घेऊन दिलेला तो रेडिओ. खरखर झाली असती तर तुला शंका तरी आली असती. पण गाणी नेहमीसारखीच वाजतात. आणि तुझं बोलणं मला पाठ आहे: "रेडिओ काय बोलला नाय, म्हंजी खाण आपली." पाणी आता त्या खाणीतच उरलंय, तेही ठाऊक आहे.

जुने रेडिओ अजून कोण वापरतं, हे गावोगाव पाहायचं काम माझ्याकडं होतं. सिल्लोडकडं मी गेलोच नाही. तुझ्या दारावरून जावं लागलं असतं. 'कुणाकडं नाहीत' असं बसल्या जागी लिहिलं आणि सही ठोकली.

गाण्यांमधल्या सूचना पुढं कधी बंद होणार आहेत असं नाही, झाल्यात. काल सकाळपासून. आज चार वाजता सुरुंग आहे. साहेबांना सांगितलं, तर "बघू" म्हणाले.

शेजारचे कडुबा आणि दगडाबाईही तुझ्याच रेडिओच्या भरवशावर मेंढरं खाणीत घालतात. त्यांना अडव.

आईच्या दहाव्याला मी ड्युटी सोडली नाही, तेव्हा तू म्हणालास, "तुझा आवाज बी नको मला." आज साडेतीनला मी कुणाला न विचारता गाणं तोडून बोलणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. पुंडलिकला उशीर झाला, तर तू माझा आवाज ओळखशील आणि रेडिओ बंद करशील, याचीच मला लई भीती वाटते.

उद्या मला शिव्या द्यायला ये, दादा. नक्की ये.

तुझाच,
अंगद